डाव्या बाजूची नळी

डॉक्टरीणबाईंना पुन्हा विद्यार्थी व्हावं लागत होतं आणि ते अगदी त्यांच्या जिवावर आलं होतं. वीस वर्षं स्वतःचं हॉस्पिटल चालवलेल्या बाईला कोणीतरी दारात अडवावं, हातात प्लॅस्टिकचा अॅप्रन आणि टोपी ठेवावी, वर "मोबाइल बाहेर ठेवा हं" असंही बजावावं, म्हणजे काय! आजवर असल्या सूचना त्यांनी दिल्या होत्या, घेतल्या कधीच नव्हत्या. पण ताईच्या पोटातली गाठ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती, म्हणून त्या मुकाट्याने टोपी घालून आत गेल्या.

ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. शाळेत गणित शिकवायची. तिचा वर्ग इतका चिडीचूप असायचा की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आज सुट्टी आहे. तीच ताई गेल्या वर्षभरात रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक पडली होती, फळ्यावरचं एक उदाहरण पुरं होईपर्यंत तिला खुर्चीचा आधार लागायचा. गर्भाशयात गाठी होत्या. त्यातली एक भली थोरली, नारळाएवढी, आणि ती वर वाढायची सोडून डावीकडे, जिथे मुळात जागाच नाही तिथे घुसली होती. पिशवी काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यात ताईची दोन्ही बाळंतपणं पोट कापून झालेली, म्हणजे आतलं सगळं एकमेकाला चिकटलेलं असणार. दुसऱ्या कोणा सर्जनचं नाव काढलं की ताई म्हणायची, "घरात डॉक्टर असताना मी परक्यापुढे पोट उघडू? तू कर, नाहीतर राहू दे." आणि ताईचं 'राहू दे' म्हणजे खरोखरच राहू दे, हे धाकटीला लहानपणापासून ठाऊक होतं.

खरी धास्ती वाटत होती ती एका नळीची. मूत्रपिंडातून निघून मूत्राशयाकडे जाणारी ही नळी, डॉक्टर लोक तिला युरेटर म्हणतात, दोन्ही बाजूंनी गर्भाशयाला अगदी खेटून जाते. जाडीला साध्या पेन्सिलीपेक्षाही कमी. पिशवी काढताना रक्तवाहिनीला चिमटा लावायचा ती जागा आणि या नळीची वाट यांत बोटभरसुद्धा अंतर नसतं. बाईंना त्यांच्या सरांनी शिकवलं होतं, "पिशवीला धरून राहायचं, बाजूला भटकायचं नाही, म्हणजे नळी आपोआप सुटते." बाई तेच करत आल्या. अगणित पिशव्या काढल्या आणि एकदाही ती नळी डोळ्यांनी पाहिली नाही. दिसली नाही म्हणजे आपण तिच्या वाटेला गेलो नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. "माझ्या हातून आजवर एकाही युरेटरला धक्का लागलेला नाही," हे त्या भर सभेत छातीठोकपणे सांगत. पण ताईच्या पोटाच्या फोटोंमध्ये डाव्या बाजूची नळी गाठीपाशी येऊन कुठे गडप झाली होती, ते एक्स-रेवाल्यालाही सांगता येईना. तेव्हा कुठे बाईंनी दान केलेल्या देहांवर ऑपरेशन शिकवणाऱ्या या वर्गात नाव घातलं, आणि तेही घरी कोणाला न सांगता.

खोली लांबलचक होती, भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा, वर मोठाले दिवे, खाली स्टीलची टेबलं. प्रत्येक टेबलावर पांढऱ्या चादरीखाली एक देह. गारठा असा की बोटं आखडावीत. शिकायला आलेले सगळे बाईंसारखेच, वर्षानुवर्षं प्रॅक्टिस केलेले स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, की मला तसं हे सगळं येतं, सहज आलोय. शिकवणारी सर्जन मात्र बाईंहून दहा-पंधरा वर्षांनी तरी लहान. सडपातळ, आवाज मृदू, पण एक वाक्य दोनदा म्हणायची सवय नसलेली.

"चादर काढण्याआधी थोडं शांत उभं राहू या," ती म्हणाली. "या बायकांनी जिवंतपणी स्वतःच्या सहीने आपल्याला बोलावलंय."

बाईंच्या टेबलावरची बाई बरीच म्हातारी होती. केस पिंजलेल्या कापसासारखे, हात काम केलेले, पायाच्या अंगठ्याचं नख वाकडं. देह जपायची पद्धत नवी होती, कातडी मऊ राहिली होती, हात लावला तर दबत होती. बाईंना क्षणभर वाटलं, आपण हिला आधी विचारायला हवं होतं, गार लागतंय का म्हणून. टेबलाच्या पलीकडे त्यांचे जोडीदार उभे होते, एक गलेलठ्ठ डॉक्टर, बोलके आणि सदा हसरे. पोट उघडल्यावर त्यांनी आत डोकावलं आणि कपाळाला हात लावणार तेवढ्यात हातमोजे आठवून थांबले.

"घ्या! हिची पिशवी आधीच कोणीतरी काढलेली आहे. आपण पिशवीवाले, आणि आपल्याच टेबलावर पिशवी नाही. न्हाव्याच्या खुर्चीत टकला येऊन बसावा तसं झालं."

आजूबाजूची टेबलं हसली. बाईंना मात्र राग आला. एवढी फी भरून, एवढा मानापमान गिळून आलो, आणि वाट्याला आलं हे. त्यांनी शिकवणारीला बोलावून टेबल बदलून मागितलं.

"बदलून देते," ती म्हणाली. "पण आधी युरेटर शोधून बघा ना, मॅडम. पिशवी नसली तरी ती असणारच. आणि खुणा नसताना सापडली, तर कुठेही सापडेल."

आता हे आव्हान म्हणावं की टोमणा, बाईंना कळेना. त्यांनी सुरी घेतली. ओटीपोटाच्या कडेला आतून जो पातळ पडदा असतो, अस्तरासारखा, तो चिरून त्या आत शिरल्या. आत एकाच रंगाच्या फिकट दोऱ्याच दोऱ्या. जिवंत माणसात धमनी बोटाखाली उडते, इथे काहीच उडत नव्हतं. बाईंनी बाहेरच्या बाजूला, रक्तवाहिन्यांच्या जुडग्यात थोडी शोधाशोध केली आणि एक गोलसर, गुळगुळीत दोरी चिमट्यात धरून झोकात वर उचलली.

"ही बघा युरेटर."

शिकवणारीने वाकून पाहिलं. "मॅडम, ही धमनी आहे."

हसऱ्या डॉक्टरांनीसुद्धा हसू आवरलं, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं. कानशिलं गरम झाली. वीस वर्षं ज्या नळीला आपण जपलं म्हणून मिरवलो, ती समोर असून ओळखता येऊ नये? शिकवणारीने त्यांच्या हातातली सुरी घेतली नाही. तिने फक्त पडद्याची आतली कड चिमट्याने अलगद उचलून धरली.

"आपण सगळे तिला रक्तवाहिन्यांत शोधतो. ती त्यांच्यात नसतेच. ती या पडद्याला पाठीमागून चिकटून चालते. पडदा उचलला की तीही उचलली जाते. बघा."

बाईंनी पाहिलं. पडद्याच्या पाठीवर, इतका वेळ त्या जिला बाजूला सारत होत्या त्याच कडेला, एक फिकी पांढरी नळी आपली सरळ खाली निघाली होती. कुणाच्या अध्यातमध्यात नाही. वरून येत होती, मोठ्या धमनीला ओलांडत होती, पडद्याच्या आडून वळण घेत होती. बाई बोटाने तिच्या मागोमाग गेल्या. खाली गर्भाशयाची धमनी आडवी आली, तर ही तिच्याखालून निघून गेली आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरली. किती साधी वाट! पुस्तकात ती शंभरदा वाचली होती, परीक्षेत चित्र काढून मार्क मिळवले होते. पण बोटाखाली ती वाट लागली तेव्हा बाईंच्या अंगावर काटा आला. ही उजवी बाजू होती.

"आता डावीकडे तुमचं तुम्ही करा," असं म्हणून शिकवणारी पुढच्या टेबलाकडे गेली. टेबल बदलण्याचा विषय बाईंनी पुन्हा काढला नाही.

डावीकडे त्यांनी पडदा उघडला आणि त्या चपापल्या. नळी लगेच सापडली, पण ती अंगठ्याएवढी जाड होती. फुगून सैल पडलेली, भिजून वाळलेल्या चामड्यासारखी. बाई तिच्या मागोमाग खाली गेल्या. गर्भाशयाची धमनी जिथे आडवी येते त्या जागी नळी एकदम चिमटली होती, आणि त्या चिमटीत काळ्या रेशमी दोऱ्याची एक गाठ होती. जुनी, नीटस, दोन्ही टोकं सारखी कापलेली. दोऱ्याच्या एका फासात धमनी होती आणि त्याच फासात नळी.

हसरे डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "अरे देवा."

शिकवणारी धावत आली. तिने वाकून ती गाठ बोटाने चाचपली. मग म्हणाली, "हे मलाही माहीत नव्हतं. वर बघू या."

त्यांनी नळीचा माग धरून वर मूत्रपिंडापर्यंत पोट उघडलं. डाव्या मूत्रपिंडाच्या जागी एक रिकामी सुरकुतलेली पिशवी होती, हातात घेतली तर आरपार उजेड दिसेल अशी. लघवी अडली, वर तुंबली, तुंबून तुंबून मूत्रपिंडाचा मगज झिजून गेला. हे सगळं झालं आणि कोणाला पत्ता लागला नाही. एव्हाना सगळी टेबलं सोडून सगळे याच टेबलाभोवती जमले होते.

"हिला काय होत होतं?" कोणीतरी विचारलं.

"काही नाही," शिकवणारी म्हणाली. "वयोमानाने गेल्या. हिंडत्याफिरत्या होत्या, कधी आजारी म्हणून पडल्या नाहीत, असं यांची मुलगी सांगत होती."

बाई त्या गाठीकडे बघत होत्या. गाठ चांगली होती, हेच त्यांना सहन होत नव्हतं. कुणा गबाळ्याचं काम असतं तर बरं झालं असतं. हे तर त्यांच्यासारख्याच कुणाचं तरी काम होतं, हात बसलेल्या, पिशवीला धरून राहणाऱ्या माणसाचं. त्या सर्जनने टाके काढले असतील, ही बाई त्याचे आभार मानून घरी गेली असेल, आणि तोही सभेत उठून छातीवर हात मारत म्हणाला असेल, माझ्या हातून आजवर एकाही युरेटरला. ज्या बायका परत आल्या नाहीत त्या बऱ्या झाल्या, असंच आपण धरून चाललो. बघितलं कोणी होतं?

"उजवीकडचं बघा, मॅडम," शिकवणारी म्हणाली.

बाईंनी हात उजव्या कुशीत घातला आणि तो तिथेच थांबला. उजवं मूत्रपिंड त्यांच्या मुठीत मावेना. नेहमीच्या दीडपट तरी होतं, भरीव आणि गुळगुळीत. जोडीदार गेल्याचं त्याला कळलं होतं आणि त्याने न सांगता दोघांचं काम अंगावर घेतलं होतं. ही बाई जेवली, झोपली, तिने मुलांची लग्नं लावली असतील, भांडली असेल, म्हातारी झाली असेल, आणि इतकी वर्षं हे आत आपलं रात्रंदिवस उपसत राहिलं. तिला माहीत नाही, तिच्या डॉक्टरला माहीत नाही. बाईंना रडू फुटेल असं वाटलं. भीती होतीच, पण आता भीतीच्या वर दुसरं काहीतरी चढलं होतं, ज्याच्यापुढे आपोआप मान खाली जाते असं. त्या मूत्रपिंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि कोणी त्यांना घाई केली नाही.

संध्याकाळी त्या घरी न जाता तडक ताईकडे गेल्या. ताई पलंगावर उशीला टेकून वह्या तपासत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, टेबल, दोऱ्याची गाठ, झिजलेलं मूत्रपिंड, सगळं. शेवटी म्हणाल्या, "ताई, मला आता स्वतःची खात्री वाटत नाही. माझ्याहून चांगले हात आहेत. त्या शिकवणाऱ्या मुलीकडे तुला घेऊन जाते."

ताईने लाल पेन बंद केलं. "आणि तुझ्या जुन्या बायका?"

"एकेकीला बोलावून सोनोग्राफी करणार आहे. काय निघायचं ते निघो."

"निघेल ते निस्तरायचं. रडत बसायचं नाही." मग ताई जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मला भीती वाटते गं. तुला सांगितलं नव्हतं. तू गेल्या महिन्यात म्हणालीस ना, डोळे मिटून करीन, त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्गात जो उत्तर फटकन सांगतो त्याचा पेपर मी दोनदा तपासते."

"मग मला सांगायचं नाही का तेव्हाच?"

"सांगून तू ऐकली असतीस?" ताईने वह्या बाजूला सारल्या. "आज तू पहिल्यांदा घाबरून आलीस. आता मला तुझ्याच हातून करून घ्यायचंय. त्या मुलीला समोर उभी कर, हवं तर मला दोन डॉक्टरांचं बिल लाव. पण सुरी तुझ्याच हातात राहील. आणि मला पूर्ण झोपवायचं नाही, मी लक्ष ठेवणार आहे."

शिकवणारी आली. बाईंनी फोन करून, "मला येत नाही, तू समोर उभी राहा," असं सरळ सांगितलं होतं, आणि हे वाक्य तोंडातून निघताना वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी ताईला कमरेत इंजेक्शन देऊन पोटापासून खालचा भाग बधिर केला, छातीपाशी हिरवा पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे पोट, पलीकडे ताईचं डोकं आणि तिचं तोंड, जे बधिर करायचं औषध अजून निघालेलं नाही. भूल देणारे डॉक्टर तिच्या उशाशी बसले होते आणि ती त्यांना विचारत होती की त्यांची मुलं गणितात कशी आहेत.

पोट उघडलं. आत अंदाज होता त्याहून वाईट परिस्थिती होती. जुन्या व्रणांनी सगळं एकमेकाला धरून ठेवलेलं, आणि डावीकडे ती गाठ, चकाकती, ताणलेली, बाजूची सगळी जागा खाऊन बसलेली. उजवी बाजू सुटली. डावीकडे बाईंचा हात सवयीने गाठीच्या अंगालगत गेला. तिथे गाठीवरून एक चपटा पांढरा पट्टा आडवा ताणला गेला होता, असे पट्टे बाईंनी हजारदा कापले होते. पिशवीला धरून राहायचं तर नेमका इथेच क्लॅम्प, म्हणजे रक्तवाहिनी दाबायचा चिमटा, लावायचा. नर्सने न मागता क्लॅम्प हातात ठेवलासुद्धा.

बाईंनी तो खाली ठेवला.

शिकवणारी समोर उभी होती. तिने जखमेची कड मागे धरणारा रिट्रॅक्टर जरा वर ओढून जागा करून दिली. बाई गाठ सोडून वर गेल्या, जिथे काही बिघडलेलं नव्हतं तिथे, मोठ्या धमनीच्या काठावर. पडदा चिरला. बोटाने हलके हलके जागा केली. पडद्याची आतली कड उचलली, आणि तिच्या पाठीला चिकटून नळी वर आली.

आता तिच्या मागोमाग खाली. एकेक पातळ धागा सोडवत, श्वास रोखून. नळीने खाली जायला हवं होतं, गाठीच्या मागे, धमनीच्या खाली. पण ती वळली. गाठीने वाढता वाढता तिला आपल्या पाठीवर उचलून घेतलं होतं. नळी गाठीच्या चकाकत्या अंगावर चढली, ताणली, चपटी झाली, आणि बाईंच्या लक्षात आलं की तो पांढरा पट्टा, ज्यावर आत्ता क्लॅम्प बसणार होता, तो पट्टा नव्हताच.

टेबलाच्या कडेला पोट टेकवून त्या उभ्या राहिल्या. चिमट्याच्या टोकाने त्यांनी नळीला अगदी हळू स्पर्श केला.

आणि नळी हलली. वरून एक आकुंचन निघालं, सुरवंट चालताना अंग आवळतो तसं, आणि त्या चपट्या, ताणलेल्या वाटेवरून सरकत सरकत खाली गेलं. मूत्रपिंडाने लघवीचा एक थेंब पुढे ढकलला होता. जरा थांबून दुसरं आलं. ताई जन्मल्यापासून हे चालू होतं. दोघी बहिणी एका पांघरुणात झोपायच्या तेव्हा चालू होतं, ताई धाकटीच्या वेण्या घालताना केस ओढायची तेव्हा चालू होतं, वर्गात, भांडणात, बाळंतपणात, नारळाएवढी गाठ उरावर येऊन बसली तरीही. डॉक्टरीणबाईंनी आयुष्यभर बायकांची पोटं उघडली होती, आणि हे चालताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात निर्जंतुक, पुसायची सोय नाही. नर्सने कापसाचा बोळा घेऊन ते टिपलं. खोलीत नुसता मशीनचा टिकटिक आवाज.

"काय गं, एवढं सामसूम का?" पडद्यापलीकडून ताईचा आवाज आला. "सापडत नाही का?"

"सापडली."

"मग थांबलीस कशाला?"

"बघतेय."

"काय बघतेस?"

"तुला बघतेय, ताई."

पलीकडून ताई म्हणाली, "सावकाश बघ. मला कुठे जायचंय?"

बाईंनी मान हलवली, जणू ताईला ती दिसणार होती, आणि नळी गाठीवरून सोडवायला घेतली.